देवळाच्या खांबातला सूर

आवाज हा माझा धंदा. लग्नं, सत्कार, सभा, शाळांची गॅदरिंगं, जिथं कुणी माइक हातात घेतो तिथं मागे कुठेतरी मी मिक्सर मांडून बसलेला असतो. कोल्हापुरात माझ्या कानांचं थोडंफार नाव आहे आणि ते बरंचसं मीच केलेलं आहे. गाडी सुरू केली की कुठला बोल्ट ढिला झालाय ते सांगतो, हॉलमध्ये शिरलो की कुठल्या कोपऱ्यात आवाज घुमणार ते सांगतो. लोकही कौतुकानं मान हलवतात. अशा माणसाच्या स्वतःच्या आईच्या देवळात नऊ वर्षं स्पीकर घूं करत होते, ही गोष्ट आता सांगायला हवी.

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला महादेवाचं छोटं देऊळ आहे. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच बायकांचं भजन असतं. आई त्या भजनी मंडळाची म्होरकी. पहिली ओळ ती उचलते, मग बाकीच्या पंधरा-वीस जणी मागून म्हणतात. शेजारी पेटीवर एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळी गल्ली नुसतं ‘बाई’ म्हणते. आईची जागा ठरलेली. डावीकडच्या दगडी खांबाला पाठ टेकून ती बसते आणि त्या खांबाच्या ओट्यावर, तिच्या कोपराजवळ, एक स्पीकर ठेवलेला असतो. दुसरा स्पीकर दाराजवळच्या खांबापाशी. दोन्ही स्पीकरांच्या पोटातच ॲम्प्लिफायर आहे, त्यामुळे त्यांना विजेची वायर वेगळी लागते आणि आवाजाची वायर वेगळी.

मिक्सर मात्र देवळात नाही. तो अंगणापलीकडे कमिटीच्या खोलीत कुलपात असतो. कारण काय, तर कमिटीच्या काकांना आवाजाची किल्ली आपल्या कनवटीला हवी. त्यामुळे मिक्सरपासून स्पीकरपर्यंत चाळीस मीटर वायर ओढावी लागली. खोलीचा मीटर वेगळा, देवळाचा मीटर वेगळा, दोघांचं अर्थिंगही वेगळं. जिथं आवाजाची वायर अशी दोन वेगवेगळ्या अर्थिंगना जोडते तिथं विजेची घूं त्या वायरीतून आत येणारच, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक आहे. पण घरचं काम. गोदामात पडलेली जुनी, साधी वायर आणली आणि एका दुपारी लावून टाकली.

आणि लावली कशी? आम्ही मूळचे कागलकडचे, उसातले. लहानपणी सुट्टीत शेतावर गेलो की मोळ्या बांधायचो. हाताला ती सवय अशी लागली आहे की चार लांब वस्तू दिसल्या की मी त्या एकत्र आवळतोच. आवाजाची वायर, दिव्यांची वायर, पंख्यांची वायर, सगळ्यांची मिळून चाळीस मीटर लांब एक मोळी केली आणि वाशांना बांधली. दिसायला इतकी सुबक झाली की काकांनी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवली. विजेच्या वायरींना आवाजाची वायर अशी मिठी मारून ठेवायची नसते, हे मी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला शिकवतो. माझ्या हातांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

घूं सुरू झाली ती पहिल्या दिवसापासून. बारीक, खालच्या सुरात, अखंड. भजन सुरू झालं की टाळांत बुडून जायची. कुणी म्हणालं की मी सांगायचो, “बघतो पुढच्या सोमवारी.” असे नऊ वर्षांचे सोमवार गेले.

यंदा मंडळाला पंचवीस वर्षं झाली. रविवारी मोठा कार्यक्रम ठरला. कागलचं एक मंडळ येणार, पेठ वडगावचं येणार, आणि पहिलं भजन अर्थातच आई उचलणार. आता बाहेरगावची माणसं येऊन आपल्या देवळात घूं ऐकणार, या विचारानं मला एकाएकी लाज वाटायला लागली. काकांनी उपाय सुचवला.

“त्यात काय एवढं? प्लगची ती जाडी पिन हाय न्हवं, ती मोडून टाक. माझ्या मेव्हण्यानं मोडली तर आवाज गप झाला की.”

“काका, ती अर्थिंगची पिन हाय, तुमचा मेव्हणा अजून हाय ते नशीब,” मी म्हणालो. “ओल्या फरशीवर बायका बसत्यात. पिनंला हात लावायचा न्हाय.” मी चिडलो की माझा आवाज वर जातो. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग मी ते काम जसं करायला हवं तसं केलं. विजेच्या वायरींपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या बाजूनं, नवीन केबल टाकली. ही केबल म्हणजे माझ्या धंद्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. तीस वर्षं झाली, अजून तिचं नवल जात नाही. एकच भजन दोन तारांतून पाठवायचं, एकीतून सरळ आणि दुसरीतून उलटं. वाटेत विजेची घूं दोन्ही तारांना सारखीच चिकटते. पलीकडे पोचल्यावर स्पीकर एका तारेतून दुसरी वजा करतो. जे दोन्हींत सारखं होतं ते उडून जातं, म्हणजे घूं उडते. जे उलटसुलट होतं ते दुप्पट होऊन राहतं, म्हणजे भजन. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याच्या पायावर डोकं ठेवावं असं मला दर वेळी वाटतं. वर दोन्ही अर्थिंगची गाठ सोडवणारी ट्रान्सफॉर्मरची एक छोटी डबी मध्ये घातली. स्पीकर चालू केले. काही नाही. देवळात अशी शांतता पसरली की पिंडीवरच्या गळतीचा थेंब न् थेंब ऐकू आला. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. आपल्याच कामानं डोळे भरून येणं चांगलं नव्हे, पण आले.

सोमवारी मी मुद्दाम भजनाला थांबलो. बायकांनी स्पीकरकडे बघून माना डोलावल्या. एक जण म्हणाली, “आता कसं ग्वाड वाटतंय!” बाईंनी पेटीवर सूर दिला. आईनं डोळे मिटले, ओळ उचलली आणि ती कुठल्या कुठे गेली. पेटी एकीकडे, आई भलतीकडे. ती थांबली, खाकरली, पुन्हा सुरू झाली. पुन्हा तेच. तिनं खांबाला पाठ जरा जास्तच दाबली आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. मागच्या बायकांना कुणामागून जावं कळेना. शेवटी गल्लीतल्या एका तरुण सुनेनं ओळ उचलून वेळ सावरून नेली. आई नुसती टाळ्या वाजवत बसली.

घरी आल्यावर ती म्हणाली, “घसा धरलाय.” मी काढा करून दिला. तो प्यायली आणि भांडं खाली ठेवत म्हणाली, “रविवारी त्या पोरीलाच उचलू दे. पंचवीस वर्सं गायले. बास झालं की आता.” तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती. पण तिनं टाळांची जोडी पिशवीतून काढली आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. ती जोडी कपाटात गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो. मला शंका आली की माझ्या नव्या जोडणीत कुठे उलटसुलट झालंय आणि त्यामुळे पेटीचा आवाज विचित्र येतोय. जुनी मोळी अजून वाशांना तशीच होती. नवी काढून जुनी लावायची आणि फरक ऐकायचा, एवढाच बेत. मिक्सरकडून येणारी केबल आधी दाराजवळच्या स्पीकरला येते आणि तिथून पुढे आईजवळच्या. मी दाराजवळच्या खांबाआड फरशीवर बसून नव्या केबलची पिन उपटली आणि जुन्या वायरीची घातली. दोन्ही स्पीकर घूं करायला लागले.

तेवढ्यात आई आली. मंगळवारी समईच्या वाती बदलायचं काम तिचं. तिनं मला पाहिलं नाही. हातातला कापूस घेऊन ती गाभाऱ्याकडे निघाली होती, ती मध्येच थबकली. वळली. आपल्या जागेवर आली, कापूस ओट्यावर ठेवला आणि तळहात स्पीकरच्या लाकडी पेटीवर ठेवला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं सूर लावला.

मी पुष्कळ गाणारे ऐकले आहेत. मोठ्या पगाराचे, मोठ्या मिजाशीचे. पण एवढा सरळ षड्ज मी कुणाचा ऐकलेला नाही. घूं कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते ते कळेना. धंद्याची खोड म्हणून मी फोन काढला, सूर दाखवणारं ॲप उघडलं. पांढरी पाचच्या थोडं वर, काळी चारच्या बरंच खाली. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधली फट. बाई गेली कित्येक वर्षं कुरकुरत होत्या, “तुझी आई माझ्या पेटीच्या फटीत गाते रे!” आम्ही सगळे हसायचो, वय झालं म्हणायचो. आणि इथं आकडा दिसत होता दोनशे, म्हणजे सेकंदाला दोनशे कंपनं. विजेची घूं शंभर, आईचा सूर बरोब्बर तिच्या दुप्पट, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात.

ही घूं काही आमच्या देवळाची नाही. कोयनेच्या पाण्यावर फिरणारी जनित्रं, कुठं कुठं कोळसा जाळणारी केंद्रं, सगळ्या देशाच्या तारा एकाच वेळी एकाच लयीत थरथरत असतात. कारखान्याची मोटर, पिठाची गिरणी, दवाखान्यातली ट्यूबलाइट, सगळी त्याच सुरात असतात. आणि मंगळवार पेठेतली एक म्हातारी सोमवारी दुपारी तळहात ठेवून त्या अख्ख्या पसाऱ्याशी सूर जुळवत होती. कुणी तिला शिकवलं नव्हतं. जो आवाज बाहेर हाकलायला मी पदरचे चार दिवस घातले, तोच तिचा तंबोरा होता.

खात्री करायची म्हणून मी जुन्या वायरीची पिन उपटली. घूं थांबली. आईचा सूर क्षणभर टिकला, मग हळूहळू खाली सरकत गेला. ती थांबली. स्पीकरकडे बघत राहिली.

“आई,” मी म्हणालो.

ती वळली नाही. मी उठून तिच्या मागे चार पावलांवर जाऊन उभा राहिलो. “आई,” पुन्हा म्हणालो. नाही. तिसऱ्यांदा मी ओरडलो तेव्हा ती दचकली.

“कवा आलास रं?”

मी तिथंच ओट्यावर बसलो. आमच्या गावात सगळेच मोठ्यानं बोलतात. आमच्या घरात तर दूध उतू गेलेलं सांगायचं असलं तरी माडीवरून ओरडून सांगतात. टीव्ही मोठा, भांडणं मोठी, लाडही मोठ्यानं. अशा घरात माणसाला ऐकू कमी येतंय हे कळायचं कसं? पण इतरांना नाही कळलं तर ठीक. मी बोल्ट ओळखणारा माणूस.

“कवापासनं ऐकू येत न्हाई?” मी विचारलं.

तिनं कापूस उचलला, वाती वळायला लागली. “झाली असतील नऊ-धा वर्सं. बाईंची पेटी त्या टाळांत मला घावतच न्हाई. ती काय वाजीवती तिची तिला ठावं.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तुझा धंदा कानाचा. सौंडवाल्याची आई बहिरी म्हटल्यावर तुला कोण कार्यक्रम दील?”

ती वात वळता वळता सहज बोलत होती. “तसं माझं अडत न्हवतं. ह्यो खांबातला सूर हाय न्हवं. सुरवातीपासनं ह्याच्यावरच गातीय की मी. तू ठेवलेला.”

“मी?”

“मग कोण? मला वाटलं, पोरानं वळखलंय आईला सूर लागतोय म्हणून. बोलला न्हाय, पण ठेवलाय. काल गेला तवा वाटलं, कमिटीवाल्यांनी काढाय लावला आसंल.”

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. “बघतो,” म्हणालो आणि बाहेर पडलो.

दुपारी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की बारीक, उंच आवाज बरेचसे गेले आहेत, खालचे जाड आवाज चांगले शाबूत आहेत. मशीन बसवता येईल, पण त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतील. रविवारला चार दिवस होते.

देवळात घूं परत आणणं सोपं होतं, पण ते मला पटेना. मग मी एक छोटा तिसरा स्पीकर आणला, तिच्या कोपराशी ठेवला आणि त्याला फक्त यंत्रातला तंबोरा जोडला, अगदी खालच्या सप्तकात. मोठ्या स्पीकरांत त्याचा थेंबही जाऊ दिला नाही. पेटीला जुळावं म्हणून बाईंना बोलावून पांढरी पाचवर लावला. आईनं तळहात ठेवला आणि लगेच मान हलवली.

“ह्यो न्हवं. ह्यो खाली हाय.”

बाईंनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक. माझ्याकडे कामाला येणाऱ्या दहांपैकी नऊ पोरांना तो ऐकू आला नसता. मी खुंटी हळूहळू वर नेत गेलो आणि बरोबर त्या फटीत आल्यावर ती म्हणाली, “हां, ह्यो माझा.”

बाईंचा चेहरा उतरला. पेटीचे सूर काही हलवता येत नाहीत. “मग रविवारी मी पेटी मिटून बसते,” त्या म्हणाल्या. “तू गा. तू गायला हवीस.” पंचवीस वर्षं दोघी शेजारी बसलेल्या. मी मोठ्यानं आईच्या कानाशी सगळं समजावलं. तिनं स्पीकरवर हात ठेवला.

“तिची पेटी काय वाकायची न्हाय,” ती म्हणाली. “मीच वाकते. लाव तुझा खालचा सूर.”

मग चार दिवस ती रोज सकाळी देवळात बसली. पहिल्या दिवशी दर दोन ओळींनी सूर वर सरकायचा, जुन्या जागी. तळहात ठेवायची, पुन्हा खाली यायची. नऊ वर्षांचा सूर सोडून चार दिवसांत दुसरा धरायचा, तोही हातानं. मी शेजारी बसून नुसता बघत राहिलो. कपाटातली टाळांची जोडी शुक्रवारी खाली आली, हे मी कुणाला बोललो नाही.

रविवारी देऊळ आणि अंगण भरून गेलं. कागलच्या बायका, पेठ वडगावच्या बायका, मांडवाबाहेर खुर्च्या. त्या दिवसापुरता मिक्सर दाराजवळच्या खांबापाशी आणला होता आणि मी तिथं बसलो होतो. बाईंनी सूर दिला. आईचा डावा तळहात त्या छोट्या स्पीकरवर गेला. डोळे मिटले. आणि तिनं ओळ उचलली ती बरोब्बर पेटीच्या सुरावर. बाईंची बोटं पट्ट्यांवर क्षणभर अडखळली, मग त्या रडत रडत वाजवायला लागल्या. मोठ्या स्पीकरांत घूं नव्हती, काही नव्हतं, फक्त आई होती. तिचा श्वास घेतलेला अंगणाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला असेल. वडगावची एक बाई पुढे येऊन तिच्या पाया पडली. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे पिनेचं भांडण मिटलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी निघालो. गल्लीतले लोक दारांत बसले होते, जो तो तिला हात जोडत होता. ती प्रत्येकाला थांबवून सांगत होती, “पोराची करामत हाय सगळी. नऊ वर्सं झाली, माझ्यासाठी सूर ठेवलाय त्यानं खांबात.” पहिल्या दारापाशी मी गप्प बसलो. दुसऱ्या दारापाशीही. तिसऱ्या दारापाशी मला ते सहन होईना.

“आई, मी ठेवला न्हवता त्यो,” मी म्हणालो.

“आं?”

“त्यो सूर मी ठेवला न्हवता!”

“काय ठिवला न्हवतास?”

मग मला ते ओरडूनच सांगावं लागलं. भर गल्लीत, बेंबीच्या देठापासून. “त्यो सूर न्हवता! बिघाड हुता! माझी वायर चुकली हुती! नऊ वर्सं मी आळस केला, आई! तुला ऐकू येत न्हाय हे सुदीक मला कळलं न्हाय!”

गॅलरीतून डोकी बाहेर आली. समोरच्या किराणा दुकानदारानं वजन करता करता तराजू धरून ठेवला. आईनं माझ्याकडे बघितलं. तिला शब्द न् शब्द पोचला होता.

“आनि आताचा?” तिनं विचारलं, तेवढ्याच मोठ्यानं. “कोपरापाशी ठेवलायस त्यो? त्यो बी चुकूनच?”

“न्हाय,” मी म्हणालो. “त्यो मुद्दाम ठेवलाय.”

“मग झालं की,” ती म्हणाली आणि माझा दंड धरून चालायला लागली. घर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.